पायाळूचा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्या अमरावतीकडे कमरेत चमक भरली, की लोक अशा माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. माझ्याही दारात माणसं येऊन पालथी पडायची. शिवाय पायाळू माणूस तापट पण मनाचा साफ, हे ज्याच्यात्याच्या तोंडी. मला ते अगदी पटायचं. न पटायला काय झालं? राग आला की म्हणायचं, पायाळूच ना मी. निवळला की म्हणायचं, पाहा, मन कसं साफ आहे.

हे गेले आणि मी दारच लावून घेतलं. चमक भरलेल्यांनाही आतूनच परत पाठवायची. मी पुन्हा माणसांत येते की नाही, याचा घोर माझ्या धाकट्या नणंदेला लागला. ती मला हट्टानं अकोल्याला घेऊन गेली.

एका दुपारी तुरीच्या शेंगा सोलता सोलता तिनं मोबाइलवर स्वभाव सांगणारी परीक्षा काढली. गर्दी आवडते का, राग आल्यावर बोलता की गप्प बसता, असले प्रश्न. मी उत्तर दिलं की ती 'मंग?' म्हणायची आणि मी सांगत सुटायची. शेवटी निकाल आला: तुम्ही वरून कडक, आतून हळव्या, तुमचं मन फार थोड्यांना कळतं. मला रडूच फुटलं. त्या डबड्याला कसं कळलं हे?

मग तिनं स्वतःचा निकाल दाखवला. दोन शब्द इकडेतिकडे, बाकी तोच. माझं डोकंच फिरलं.

"हे तर कोणालेबी लागू पडते. मंग मले रडू काहून आलं?"

"वैनी, दादा गेल्यापासून तुमाले इतकं इचारलं कोणी?"

खरं होतं. रोज संध्याकाळी शेजारी बसून विचारणारे तेच होते. तिचे उपकार मी विसरायची नाही.

अमरावतीला परतले आणि दार उघडं ठेवलं. पहिली आली भाजीवाली, कंबर धरून. ती पालथी पडायच्या आत मी तिला बसवलं, चहा टाकला आणि विचारलं, कधीपासून दुखतं. कमरेवरून सुरू झालेली ती सासूवर गेली, लेकीवर गेली. उन्हं चढली. बरं वाटलं माय, म्हणत तिनं टोपलं उचललं आणि निघाली. ती कोपऱ्यावर वळल्यावर आठवलं, पाय लावायचा राहूनच गेला.

लगेच नणंदेला फोन केला, सगळं सांगितलं.

"मंग?" ती म्हणाली.