उजव्या हाताले पुंजाजीभाऊ

सुमनवहिनी गेल्याची बातमी आमच्या घरी नातेवाइकांकडून आली नाही, सायकल क्लबकडून आली. रविवारी सकाळी मेहकरच्या चौकात सगळ्यांच्या आधी पोचून, बंद चहाच्या टपरीच्या बाकावर बसून, उशिरा येणाऱ्यांना बोलायचं हा वहिनींचा नेम होता. त्या रविवारी बोलायला कोणी नाही म्हटल्यावर मंडळी थोडा वेळ थांबली आणि मग सगळीच्या सगळी सायकली वळवून वहिनींच्या घरी आली. आमचं घर पलीकडच्या गल्लीत. बँकेत काम करणारी प्रणिता धावत येऊन म्हणाली, "काका, वहिनी दार उघडत नाहीयेत." दुसरी किल्ली माझ्याकडे असायची. आत गेलो. पाण्याची बाटली भरून टेबलावर, बूट दाराशी, हेल्मेट खुंटीला... आणि वहिनी पलंगावर, अजून उठायच्या आहेत अशा. झोपेतच गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर ओट्यासमोर चकचकीत, अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांतली पंधरा-वीस माणसं खाली माना घालून उभी होती. त्या कपड्यांत गंभीर दिसणं अवघड असतं. त्या दिवशी ते सगळ्यांना जमलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. जन्म जानेफळचा, नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, बोलणं शेवटपर्यंत वऱ्हाडी. दादा गेला त्यानंतरचं वर्ष त्यांनी घरात भेटायला येणाऱ्यांसाठी चहा करण्यात घालवलं. एक दिवस कप विसळता विसळता मला म्हणाल्या, "भाऊजी, येनारा हरेक मानूस तोंड पाडूनच येते. मी बसते, तो बसते, दोघंबी भिंतीकडे पाहातो. आता मीच लोकायकडे जात जाईन." मला वाटलं, त्या रिक्षाबद्दल बोलतायत. त्या सायकलबद्दल बोलत होत्या. वय साठीच्या पुढं, गुडघे कुरकुरणारे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण चालत गेलं तर लांबचा माणूस गाठता येत नाही आणि मोटारीतून तर तो दिसतच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मुलगा समीर पुण्याला असतो. त्यानं फोनवर बराच वेळ समजावलं आणि शेवटी अट घातली: हमरस्त्यावर एकटीनं जायचं नाही, क्लबबरोबर गेलीस तर जा, नाहीतर मी येऊन सायकल विकून टाकीन. म्हणजे क्लबनं घेतलं तर वहिनींची सायकल, आणि क्लबनं काढलं तर पुन्हा भिंत.

सायकल घ्यायला बुलढाण्याला गेलो. दुकानदारानं एक अत्यंत देखणी, वाकड्या शिंगांसारख्या हँडलची सायकल काढली आणि एका बोटावर उचलून दाखवली. "पाहा मॅडम, किती हलकी!"

"मले काय उचलाची हाये का बाप्पा?" वहिनी म्हणाल्या. "मले बसाची हाये."

बसून पाहिली. अंग पुढं झुकलं, मान खाली गेली. लगेच उतरल्या. "याच्यावरून निस्ता रस्ता दिसते. मले रस्त्यावरचे मानसं पाहाचे हायेत." मग उंच, सरळ हँडलची, जरा जाड टायरची एक साधी सायकल निघाली. तिला घंटी बसवून घेतली. सीट मात्र वहिनींनी चुकीची निवडली. सगळ्यात रुंद, सगळ्यात मऊ, सोफ्यासारखी. दोन रविवार त्या सोफ्यावर काढल्यावर त्यांनी कोणालाही न सांगता ती बदलली आणि अरुंद, जरा कडक सीट घेतली. मी विचारलं तर म्हणाल्या, "मऊ सीटीत मानूस रुतते, मंग घासते. दुकानात पाच मिंट बसाले बरी." नंतर आतून गादी शिवलेली चड्डी आली. ती दोरीवर वाळत पाहून शेजारच्या बाईंनी हळूच चौकशी केली, काही दुखणं लागलं का म्हणून. "हाव, लागलं," वहिनी म्हणाल्या. "सायकलीचं."

क्लबविषयी मी काय सांगणार? मी सायकल चालवत नाही. स्कूटरवर केळी आणि पंक्चरचं सामान घेऊन मागून जातो. त्या जागेवरून माणसं नीट दिसतात. क्लबच्या नावात वाघ आहे. दर मोहिमेला उद्घाटक असतो, हिरवा झेंडा असतो, भाषण असतं, आणि भाषण संपेपर्यंत ऊन चढलेलं असतं. अध्यक्ष वकील आहेत. त्यांच्या सायकलच्या किमतीचा अंदाज मी कधी केला नाही; ती आहे मात्र इतकी हलकी की तिच्यावर घंटी लावायला त्यांचा तत्त्वतः विरोध होता, वजन वाढतं म्हणून. "घंटीच्या वजनाले काऊन भेता वकीलसाहेब," वहिनी त्यांच्या जर्सीच्या मध्यावर नजर ठेवून म्हणाल्या होत्या, "बाकी वजन तर घेऊनच चालले ना तुमी."

क्लबमध्ये रिवाज असा की पुढचा मागच्यांना ओरडून सावध करतो. वकीलसाहेब हे इंग्रजीत करतात: "होल लेफ्ट! ब्रेकर! अ‍ॅनिमल!" वारा अंगावर घ्यायला पुढं राहण्याची पाळी सगळ्यांवर येते, तशी ती वहिनींवरही आली. "डाव्या हाताले खड्डा!" त्या खणखणीत ओरडल्या. मग, "उजव्या हाताले पुंजाजीभाऊ!" वकीलसाहेबांनी अडथळा समजून सायकल अशी काही वळवली की मागचे दोघे शेतात जाता जाता राहिले. "पुंजाजीभाऊ म्हणजे काय?" ते ओरडले. "पुंजाजीभाऊ म्हंजे पुंजाजीभाऊ! बांधावर उभे हायेत. राम राम घाला!" बांधावरचे पुंजाजीभाऊ हात वर करून हसत होते. इतके दिवस क्लब त्यांच्यासमोरून जात होता. त्यांना राम राम करणारं पहिल्यांदाच कोणीतरी भेटलं.

वकीलसाहेबांना ते आवडलं नाही. त्यांनी बैठकीत विषय काढला: सरासरी वेगाचा नियम असावा, ज्याला तो पाळता येणार नाही त्यानं रविवारच्या फेरीत येऊ नये. नाव कोणाचंच घेतलं नाही, पण सगळ्यांनी एकाच खुर्चीकडे पाहिलं. असं ठरलं की पुढच्या रविवारी जानेफळपर्यंत जाऊन यायचं, आणि परतीला जो मागं पडेल त्याचा विचार करायचा. वहिनी त्या दिवशी सरळ घरी आल्या. समीरचा फोन आला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पाहू रविवारी." मी त्यांना इतकं कमी बोलताना दादा गेल्याच्या वर्षानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

रविवारी जाताना व्हायचं तेच झालं. वाघ पुढं गेले, वहिनी मागं राहिल्या आणि त्यांच्या मागं स्कूटरवर मी. चढावर त्या उतरून चालल्या. मी केळं पुढं केलं तर म्हणाल्या, "ठेवा. कामी नाई येनार." हे मला तेव्हा कळलं नाही.

जानेफळला पोचलो तर क्लब वेशीपाशी वाट पाहत उभा, आणि त्यांच्यासमोर वहिनींची भावजय. डोक्यावर पदर, कमरेवर हात. "आमच्या बाईसंग आले आन् वेशीवरून वापस जाता? हे कोनतं सायकलिंग हो?" वकीलसाहेबांनी वेळेचा मुद्दा मांडला. त्या बाईसमोर तो टिकला नाही. अंगणात सतरंज्या आधीच अंथरलेल्या होत्या. पातोडीची तिखट भाजी, गरम भाकरी, ठेचा, आणि नको नको म्हणणाऱ्याच्या ताटात पडणारा शिरा. भावजय वाढताना फिर्यादीसारख्या बोलत होत्या. "वकीलसाहेब, लाजता काऊन? कोर्टात बी असेच कमी बोलता का?" वकीलसाहेबांनी तिसऱ्यांदा शिरा घेतला. वहिनींनी मात्र अर्धीच भाकरी खाल्ली. आग्रह सगळा पाहुण्यांनाच चालला होता!

परतीचं दृश्य मी विसरणार नाही. वाकड्या हँडलवर झुकताना पोट मध्ये येता कामा नये, ही त्या सायकलची मूळ अट आहे. ती त्या दिवशी कोणालाच पाळता येईना. एकेक जण झुकून पाहायचा आणि उसासा टाकून उठायचा. शेवटी सगळे ताठ बसून, वारा छातीवर घेत, हळूहळू निघाले, आणि सगळ्यांच्या पुढं, उंच हँडल धरून, मान वर, वहिनी. मेहकर येईपर्यंत त्यांनी निदान वीस माणसांची नावं घेतली. मागून वीसदा राम राम झाला. त्यातले शेवटचे काही ढेकरासकट. नियमाचा विषय पुढच्या बैठकीत निघाला नाही. त्याऐवजी ठराव झाला की शेवटच्या माणसाला सोडून कोणी पुढं जायचं नाही.

संध्याकाळी मी विचारलं, "वहिनी, भावजयीला आदल्या दिवशी फोन केला होता ना?"

"हाव. म्हनलं, जेवल्याबिगर एकालेबी सोडू नको." मग पाय चोळत हसल्या. "चढावर मले जोर नाई लावता येत भाऊजी. पन मानसं जेवाले बसवता येतात."

त्यानंतर चार वर्षं त्या सायकलीवर जात राहिल्या. क्लबबरोबर आणि क्लबच्या पुढं. समीर दिवसकार्याला आला तेव्हा बोळात उभी असलेली सायकल पाहत राहिला. एकदा सीटवर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, ही राहू दे इथंच." विकायचं कोणी बोललं नाही.

मागच्या रविवारी नळ आला म्हणून मी वहिनींच्या घरी टाकी भरायला गेलो होतो. क्लबचा रस्ता या गल्लीतून जात नाही. पण कोपऱ्यावरून सायकली वळल्या, पुढं वकीलसाहेब. त्यांच्या त्या कागदासारख्या हलक्या सायकलला पितळी घंटी होती. घरासमोर आल्यावर त्यांनी मान वर केली आणि अगदी कोर्टातल्या आवाजात, पण इंग्रजीत नाही, ओरडले, "डाव्या हाताले वहिनी!"

सगळ्या घंट्या एकदम वाजल्या. राम राम, राम राम, करत रांग पुढं गेली. टाकी भरून पाणी ओट्यावर आलं होतं. मी तसाच उभा राहून हात वर केला... त्यांचा राम राम घ्यायला कोणीतरी हवं होतं.