दुसऱ्या वाढदिवसाचा खाकी सदरा

इंग्रज गेले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. बार्शीत तिरंगा लागला होता आणि आमच्या येडशीत अजून निजामाचंच राज्य होतं. मधे लहान गाडीचा तेवढा रस्ता. गाव निम्मं बार्शीकडं निघून गेलं होतं, उरलेलं गाठोडी बांधून बसलं होतं. आमचीही दोन गाठोडी बांधून तयार होती. रोज सकाळी त्यातलं एक सोडायचं, लागेल ते काढायचं आणि पुन्हा बांधायचं, असा महिनाभर चाललेला खेळ. आमचे हे गावच्या शाळेत मास्तर होते. शाळा सुटली की घरी न येता थेट स्टेशनवर जायचे आणि गाडीतून उतरणाऱ्यांकडून बातम्या घेऊन यायचे. एकाची बातमी दुसऱ्याशी जुळायची नाही.

अशात वैशाखात बाळाला दोन वर्षं पुरी होत होती. माझं पहिलं मूल सहा महिन्यांचं होऊन गेलं होतं. या दुसऱ्याचा पहिला वाढदिवस तापात गेला. औक्षण करायचं सोडून आम्ही त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसलो होतो. म्हणून हे जेव्हा म्हणाले, "या दिवसांत कसला वाढदिवस? चार माणसं जमली तरी निजामाचे लोक चौकशी करतात," तेव्हा सासूबाईच आडव्या आल्या.

"लेकराला ववाळायला कुणाच्या बापाची परवानगी लागत न्हाय," त्या म्हणाल्या. "उजेड असतानाच उरकू. पण करू."

ठरलं. ईट गावाच्या बाजूला माझं माहेर. तिथून दादाला बोलावणं धाडलं. मामाच्या मांडीवर बसूनच ओवाळणं व्हायचं, ही आमच्याकडची रीत. गूळ घरात होता, गहू होते. अडलं ते कापडापाशी. कापड तेव्हा कंट्रोलवर मिळायचं आणि कंट्रोलच्या दुकानात दोन महिने कापडच आलेलं नव्हतं. बाळाच्या अंगात जुन्या धोतराची झबली होती, तीही काखेत फाटलेली.

आमच्या भिंतीला भिंत लावून एक दर्जी राहायचे. त्यांच्या बायकोला मी आपा म्हणायचे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, मूलबाळ नाही. बाळ तापात होतं तेव्हा मी झोपावं म्हणून ती त्याला तासन् तास खांद्यावर घेऊन फिरली होती. पण गेल्या दीड महिन्यात आमचं जाणं-येणं तुटल्यासारखं झालं होतं. खाकी कपडे घालून, बंदुका-भाले घेऊन निजामाच्या बाजूनं गावोगाव फिरणाऱ्या टोळ्या तेव्हा सगळ्यांनाच माहीत होत्या. त्यांच्या माणसांनी खाकी कापडाचे तागे आणून आपाच्या ओसरीवर टाकले होते आणि इतके सदरे शिवून दे म्हणून सांगितलं होतं. दर्जीभाई नाही म्हणू शकले नाहीत. भिंतीपलीकडं दिवसभर मशीन चालायची. दर्जीभाई बाहेर दिसेनासे झाले. दिसले तर मान खाली घालून जायचे.

तरी मी आपाला म्हटलं, "एखादं चिंधूक असलं तर बघ गं. बाळाला नवं काहीच नाही."

"बघते," ती म्हणाली. "बच्चे का दिन है, नवा कपडा तो होना."

वाढदिवसाच्या सकाळी तिनं परसातल्या भिंतीवरून एक पुडकं माझ्या हातात दिलं आणि लगेच आत गेली. मी उघडलं. छोटीशी चड्डी आणि सदरा. कॉलर, काजं, छातीवर एक खिसा, सगळं कसं रेखीव! आणि सगळं खाकी.

सासूबाईंनी बघितलं मात्र, "चुलीत घाल आधी ते," म्हणाल्या. चुलीत घालवेना. बाळानं मात्र तेवढ्यात तो खिसा पाहिला होता. त्यात बोटं घालून तो "किसा, किसा" करत नाचायला लागला. मी त्याच्या हातातून ओढून घेतलं, तर त्यानं भोकाड पसरलं. कपडे दळणाच्या डब्यामागं कोंबले आणि त्याला फाटकं झबलंच घातलं. दिवसभर मला एकच घोर. आपाला ओवाळायला बोलावलं होतं. तिनं पाहिलं की आपण दिलेलं अंगावर नाही, तर मी काय सांगणार? आणि अंगावर असलं, तर दादाला काय सांगणार?

दादा दुपारी आला. एकटाच. वहिनीला त्यानं आधीच बार्शीला पोचवलं होतं. मागच्या महिन्यात त्याच्या घरात खाकीवाले शिरले होते. ज्वारीचं जमिनीतलं पेव उपसून नेलं, दोन्ही बैल सोडून नेले, आडवा आला म्हणून बंदुकीच्या दस्त्यानं त्याचा खांदा मोडला. हात गळ्यात बांधलेला होता. दाराकडं तोंड करून तो बसला आणि रस्त्यानं चप्पल वाजली तरी मान वर करायचा.

उन्हं कलायच्या आत आम्ही पाट मांडला. ह्यांच्या शाळेतले एक मास्तर आणि त्यांची बायको आली, समोरच्या घरातल्या दोघी आल्या. खीर झाली होती. मी ताम्हणात सुपारी, अंगठी, कुंकू ठेवत होते. सगळ्यांची पाठ वळली असताना बाळ डब्यामागं गेलं आणि तो सदरा ओढत थेट मामापाशी आलं.

"मामा, घाल," त्यानं सदरा दादाच्या मांडीवर ठेवला.

नेमकी त्याच वेळी आपा दारात आली. हातात शेवयांचं भांडं, डोक्यावर पदर. तिनं सदरा पाहिला, दादाचा बांधलेला हात पाहिला आणि उंबऱ्यातच थांबली.

"हे कुणी शिवलं?" दादानं मला विचारलं.

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण ती समोर उभी होती. "आपाच्या मालकांनी," मी म्हणाले.

दादानं चांगल्या हातानं सदरा उचलला. मला वाटलं, आता भिरकावणार. त्यानं तो उलटा केला. पाठ बघितली, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"पाठीला तीन जोड हायेत," तो म्हणाला. "येवढ्याशा सदऱ्याला इतके जोड कशापायी?"

आपा आत आली. भांडं खाली ठेवलं. "भाई, कापड त्यांचंच आहे. पण त्यांनी दिलं न्हाय. तागे मोजून टाकलेत त्यांनी. ह्यांनी एकेक सदरा बेतताना थोडा-थोडा तंग बेतला. त्यातून हे तुकडे निघाले. दुसरं कापड कुठंच न्हाय मिळालं. मी म्हटलं, नक्को करू. ते म्हणाले, त्या लेकराला मी रोज बघतो, उघडं कसं राहू देऊ."

दादा एकदम हसला. महिनाभरात हसला नसेल, आवाजसुद्धा गंजल्यासारखा आला. "म्हंजे त्येंच्याच अंगावरनं चोरून माझ्या भाच्याला? आन त्ये सगळे तंग सदरे घालून हिंडत्यात?"

"काखेत धरतं म्हणून एकजण बोलून पण गेला," आपा म्हणाली, आणि तिलाही हसू फुटलं. समोरच्या दोघी पदरात तोंड घालून हसायला लागल्या. सासूबाईंनी मात्र "हसा, हसा" एवढंच म्हणून तोंड वळवलं.

"आण ग त्येला," दादा म्हणाला. एका हातानं त्याला गुंड्या लावता येईनात; आपानं लावल्या. बाळ मामाच्या मांडीवर बसलं, एक हात खिशात घालून. सासूबाईंनी ओवाळलं, मी ओवाळलं, समोरच्या दोघींनी ओवाळलं. शेवटी मी ताम्हण आपापुढं धरलं. तिनं कधी ओवाळलेलं नव्हतं. मी मनगटाला धरून तिला ताम्हण तीनदा फिरवायला लावलं.

तेवढा वेळ बरा गेला. मग मला दुसरंच सुचायला लागलं. दार उघडं होतं. आपानं जे सांगितलं ते सात-आठ माणसांनी ऐकलं होतं. कुणाच्या तोंडून सहज एक शब्द गेला असता, तर दर्जीभाईंचं काय झालं असतं? मी उठून दार लोटलं. ह्यांनीही तेच ओळखलं असावं. "हे इथंच राहू द्या," ते सगळ्यांना म्हणाले. शाळेतल्या मास्तरांच्या बायकोनं जमिनीकडं बघत मान हलवली. त्या नुसत्या मानेनं माझं समाधान होईना.

खीर खाऊन लोक लवकर पांगले. मी सदरा-चड्डी काढली. बाळ पाय आपटून रडलं, खिसा सोडेना. त्याला शेवयांच्या भांड्यापाशी बसवून मी ती दोन्ही कापडं परसात नेली, एकेक जोड उसवला आणि तुकडे तिथल्या चुलीत घातले. सासूबाई बाजूला उभ्या होत्या. सकाळी ज्यांनी चुलीत घाल म्हटलं होतं, त्याच आता म्हणाल्या, "गुंड्या तरी काढून ठेव." मी गुंड्याही टाकल्या.

पुढचे चार दिवस गल्लीत बूट वाजला की मी दाराला कान लावायचे. काही झालं नाही. कुणी बोललं नसावं. पाचव्या दिवशी दादाबरोबर आम्ही बार्शीची गाडी धरली. निघताना आपा परसात कपडे वाळत घालत होती. मी "येते" म्हणाले. ती म्हणाली, "सांभाळून." बाळाला कडेवर घ्यायला तिनं हात पुढं केला आणि गाडीची वेळ झाली म्हणून ह्यांनी घाई केली. तिला घेऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं!

पावसाळा सरताना निजामाचं राज्य गेलं. दिवाळीच्या आधी आम्ही परत आलो. शेजारच्या घराला कुलूप नव्हतं, कारण दारच नव्हतं. राज्य गेल्यावर लोकांनी दर्जीभाईंना धरलं होतं, खाकीवाल्यांचे सदरे शिवले म्हणून. मारलं, मशीन विहिरीत टाकली. ते दोघं कुठं गेले, कुणी म्हणे हैदराबादला, कुणी म्हणे गुलबर्ग्याला तिच्या भावाकडं. त्या दिवशी आमच्या घरी ओवाळायला आलेली माणसं तेव्हा गावातच होती. "त्या तंग सदऱ्यांचं तुम्ही कुणी सांगितलं का नाही?" मी समोरच्या एकीला विचारलं. ती म्हणाली, "तुमीच म्हणला होता ना, कुठं बोलू नका म्हणून."

दोन वर्षांनी लातूरच्या बाजारात आपाच्या माहेरची एक बाई भेटली. दोघं जिवंत आहेत, दर्जीभाईंच्या हाताला मात्र शिवणकाम होत नाही, एवढं तिनं सांगितलं. पत्ता देते म्हणाली. मी पदराच्या गाठीला पेन्सिलीचा तुकडा आहे का ते चाचपलं, नव्हता. आणि तोंडपाठ करून घ्यायचं मला सुचलं नाही, की करायचं नव्हतं, हे अजून नीट सांगता येत नाही.