दाराजवळची खुर्ची

शैलाताई गेल्या, असं त्यांची भाची उमा हिनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी नांदेडच्या स्टँडवर अर्धापूरच्या गाडीची वाट पाहत उभी होते. शाळेसाठी निघालेली मी, तशीच डबा-पिशवीसकट लातूरच्या गाडीत बसले. पोचले तोवर दुपार झाली होती. आमच्याकडच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे ताईंना बसवलं होतं. कपाळावर भस्म, गळ्यात हार, शेजारी भजन चाललेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दर्शन व्हावं म्हणून कुणीतरी त्यांना बाहेरच्या खोलीत अगदी दाराशी बसवलं होतं, आणि मला तेच सहन होईना. "अगं, ती त्यांची जागा नव्हे," असं मी उमाला म्हणालेसुद्धा. रडता रडता ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला वाटलं असेल, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.

ताई लातूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. घरात मारहाण होते तेव्हा लेकरांच्या मनात काय होतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग सहा वर्षं मदतनीस. प्रश्नावल्या छापून आणणं, गावोगाव जाऊन पालकांच्या सह्या घेणं, ही कामं माझ्याकडे. "ताई, तुमचं लग्न या प्रश्नावलीशीच लागलंय," असं मी चिडवायची. त्या म्हणायच्या, "ती निदान उलटून बोलत न्हाई, तुझ्यासारखी." लेकरांशी बोलायचं ते याच बाहेरच्या खोलीत. इथं दाराजवळ एक बुटकी लाकडी खुर्ची असायची, ती लेकराची. ताई स्वतः समोरच्या भिंतीला टेकून, दारापासून सगळ्यांत लांब बसायच्या. दार उघडं. कधीही उठून जाता येतं हे लेकराला न सांगता कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. "कोंडलेलं लेकरू खरं बोलत न्हाई गं, आपल्याला पायजे ते बोलतं." एकदा त्यांचे प्राचार्य भेटायला आले आणि नेमके त्या खुर्चीवर टेकले, तर ताईंनी त्यांना उठवलं. ताईंचा चहा मात्र अगदी टाकाऊ, आणि तो मुकाट्यानं प्यावा लागे.

खेड्यात खुर्ची नेता यायची नाही. तिथं शाळेच्या खोलीत दाराजवळची फरशी लेकराला द्यायची आणि हातात खडू. "तुझं घर काढ. भांडण लागलं की तू कुठं असतेस, तिथं फुली कर." एवढंच. चाकूरजवळच्या एका गावात आरती नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. वडील किराणा दुकानदार, निर्व्यसनी, देवळातल्या पारायणात पहिल्या रांगेत बसणारे. आरतीनं फरशीवर घर काढण्याआधी खडूनं दोन चपलांचं चित्र काढलं. मग त्यांच्याभोवती उंबरा, मग दार, आणि घर सगळ्यात शेवटी. ताईंनी विचारलं, "ह्या चपला कुणाच्या?" ती म्हणाली, "माझ्या. बाबा दुकानातनं आले की मी चप्पल घालूनच बसते. आईनं हाक मारली की काकूला बोलवाया पळायचं असतंय."

तिला कुणी मारत नव्हतं. ती फक्त चप्पल घालून बसत होती...

आता ते सांगायला हवं, जे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. ताईंचा एक कडक नियम होता. अभ्यास कशाचा आहे ते पालकाला वाचून दाखवायचं, सही घ्यायची आणि त्या माहितीपत्रकाची एक प्रत त्याच घरात ठेवायची. पत्रकाच्या माथ्यावर ठळक छापलेलं, 'घरातील मारहाण आणि मुलांचे मन'. मी सुचवलं होतं, नाव जरा आडवळणानं घालू. ताई उसळल्या. "आपण खोटं सांगायचं आणि लेकरांकडनं खरं मागायचं?" मला तेव्हा ते पटलं. आरतीनं ते चित्र काढलं त्याच्या आदल्या दिवशी मी तिच्या आईची सही घ्यायला गेले होते. सही करून ती बाई हळूच म्हणाली, "कागद हितं नका ठिवू, बाई. त्यांच्या हाती लागंल." आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "नियम आहे वहिनी. तुमच्याच भल्याचा आहे." तिनं तो घडी करून पिठाच्या डब्याखाली सरकवला.

आठवड्यानं पुन्हा गेलो तर आरतीचं नाव शाळेतून काढलेलं. घरी गेलो. आईनं दार अर्धंच उघडलं. एक डोळा पार बंद झाला होता. "त्यांनी कागद वाचला. मोठ्यानं, सगळ्या घराफुडं. पोरीला आत्याकडं बिलोलीला धाडलंय. तुमी परत येऊ नका, बाई." ताईंनी तिला दवाखान्यात चल म्हटलं, पोलिसांकडे चल म्हटलं, हात जोडले. ती एकच सांगत राहिली, "मी पडले. लिहून घ्या, मी पडले." आम्ही दोघी शिकलेल्या बाया त्या बंद दारापुढं उभ्या राहिलो आणि मग निघून आलो. दुसरं काय केलं आम्ही? मी रडत सुटले, तेव्हा ताई म्हणाल्या, "वंदे, गप. नियम माझा होता." त्यानंतर त्यांनी घरात कागद ठेवणं बंद केलं, नाव बदललं, आपल्या विद्यार्थ्यांनाही तेच शिकवलं. पण बिलोलीच्या बाजूचं कुणीही भेटलं की त्या आरतीची चौकशी करायच्या. पत्ता लागला नाही. पोरगी सुखरूप आहे एवढं कळावं, याच्या पलीकडे त्यांना काही नको होतं.

ती मला सापडली, मागच्या हिवाळ्यात. मतदार यादीच्या कामासाठी आम्हा शिक्षकांना घरोघर फिरावं लागतं. अर्धापुरात केळीच्या बागांकडच्या एका घरात यादीतली सून बाहेर आली आणि तिनंच मला ओळखलं. "तुमी त्या खडूवाल्या ताईंच्या बाई नव्हं?" एका हातात बांगड्या भरलेल्या, दुसऱ्या मनगटावर नुसते बांगड्या फुटल्याचे ओरखडे. सासू मागंच उभी. मी विचारलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "हाव, लई बरी हाय. ताईंना सांगा." मी सही घेतली आणि निघाले. सह्या तेवढ्या मला छान घेता येतात.

ताई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. पुढच्याच रविवारी मी लातूरला गेले आणि सांगितलं, आरती भेटली, लग्न झालंय, सुखात आहे. एवढं एक खोटं त्यांच्या पदरात टाकावं असं ठरवूनच गेले होते. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, चांगलं केलं आपण. मग त्यांनी विचारलं, "लेकरू हाय का?"

"मुलगी. पाच वर्षांची."

"तू गेलीस तेव्हा ती कुठं बसली होती?"

मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेली. असं विचारलं की दिसलं ते जसंच्या तसं सांगायचं, ही सवय जिभेला लागलेली. मी सांगून बसले, "उंबऱ्यावर. चप्पल घालून..."

ताईंनी डोळे मिटले. मला जीभ हासडून टाकावीशी वाटली. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "तू जात जा तिच्याकडं. काही विचारू नको. नुसती जात जा." तेच आमचं शेवटचं बोलणं.

मी दोनदा गेले. दुसऱ्या वेळी सासूनं दारातच विचारलं, "यादीचं काम तर झालं की, आता कशाला येताव?" आता आपल्या जाण्यानंच काही होईल, ही भीती बसली आहे. जायचं की नाही, हे ज्यांना विचारावं त्याच गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर उमानं विचारलं, "मावशीची आठवण म्हणून काय नेतेस?" मी ती बुटकी खुर्ची मागितली. अर्धापूरच्या शाळेत माझ्या वर्गात ती दाराजवळ ठेवली आहे. दार उघडंच असतं. माझी खुर्ची मी फळ्याखालून हलवून पार समोरच्या भिंतीला नेली, त्यावरून मुख्याध्यापक रोज टोमणे मारतात. जूनमध्ये पहिलीची नवी मुलं येतील. त्यांच्या यादीत आरतीच्या मुलीचं नाव आहे, मी पाहिलंय. पहिल्या दिवशी ती दारातून आत येईल तेव्हा मी काही बोलणार नाही, हात धरून कुठं बसवणारही नाही. तिनं चपला बाहेर काढाव्यात आणि ती खुर्ची ओलांडून पुढं यावं, एवढंच मागणं आहे.