आई वर्गात बोलली ते वर्ष

सातवीच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. टेबलाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "या तासाला काय काय होणार ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मग कुणी घाबरायला नको."

ते कोकणातून आले होते. पोर्तुगीज गेल्यावर सिल्वासात ज्या नव्या शाळा निघाल्या, त्यांत शिकवायला बाहेरून जी माणसं आली त्यांतले एक. एकटेच राहत, हाताने स्वयंपाक करत. आम्हाला इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र तेच शिकवत. तिन्ही मिळून एक विषय, समाजशास्त्र.

"पाठांतर थोडं असेल," ते म्हणाले. "विचारणं जास्त. शनिवारी तुमच्या घरातलं एखादं मोठं माणूस येऊन बोलेल आणि आपण ऐकू. पुस्तकात आपल्या मुलखाबद्दल दोन ओळी आहेत, बाकीचं त्यांच्याकडून घ्यायचं. आणि नकाशे पेन्सिलीने काढायचे, शाईने नाही."

"का, गुरुजी?" पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं.

"कारण हे वर्ष संपायच्या आत ते खोडावे लागतील अशी मला आशा आहे."

एकसष्ट सालचा जून होता तो. आमचा नगर हवेलीचा मुलूख सात वर्षांपूर्वीच मोकळा झाला होता, पण भारतात रीतसर सामील व्हायचा होता. दमण अजून पोर्तुगिजांकडेच होतं. हे सगळं मोठ्या माणसांच्या बोलण्यातून आमच्या कानांवर पडत असे. मला मात्र त्याचा एकच अर्थ ठाऊक होता. माझी आजी दमणला होती आणि आई तिला भेटू शकत नव्हती.

आईचे वडील मूळचे गोव्याचे. दमणच्या बंदरात कारकून म्हणून आले आणि तिथेच राहिले. आई दमणलाच वाढली. लग्न होऊन सिल्वासाला आली तेव्हा दोन्हीकडे एकच राज्य होतं. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला माहेरी. मग इथे राज्य बदललं आणि वाट बंद झाली. बाबा कचेरीत नोकरीला होते. पोर्तुगिजांच्या वेळेपासूनचेच, पण नव्या पंचायतीने त्यांना ठेवून घेतलं होतं. त्यामुळे आमच्यापैकी कुणी दमणच्या नाक्यावर गेलं असतं तर थेट कैदेत टाकलं असतं, असं सगळे म्हणत. टपाल जात नव्हतं. सुरुवातीला कधीतरी कुणी आडवाटेने येऊन निरोप द्यायचं, आजी-आजोबा बरे आहेत एवढाच. पुढे तेही थांबलं.

पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी एक काम दिलं. कागदावर आपलं घर काढायचं आणि आपले नातेवाईक जिथे राहतात ती गावं त्याच्याभोवती मांडायची. किलवणीहून चालत येणाऱ्या वारली मुलीचे सगळे नातेवाईक किलवणी आणि राखोलीतच मावले. एकाची आत्या वापीला होती, एकाचा काका मुंबईला. मी दमण काढलं आणि थांबले.

"काय झालं?" गुरुजी जवळ येऊन म्हणाले.

"आजीचं घर काढू का? मध्ये रेघ आहे ना."

त्यांनी माझ्या कागदाकडे पाहिलं. "काढ," म्हणाले. "घर आहे तर काढायचंच."

पुढच्या महिन्यात त्यांनी बाबांना कचेरीत गाठून विचारलं, हिच्या आई शनिवारी वर्गात येतील का, दमणबद्दल सांगायला. आईने आधी साफ नाही म्हटलं. "मी काय सांगणार मुलांना? मला काय येतं?" तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "तुझ्या गुरुजींना सांग, येते म्हणावं."

त्याआधीच्या शनिवारी किलवणीच्या मुलीचे आजोबा येऊन गेले होते. पोर्तुगीज साहेबाच्या शिकारीला वेठीने कसं पळवत नेत ते त्यांनी सांगितलं होतं आणि सांगता सांगता पाठीवरचा चाबकाचा व्रण दाखवला होता. आईकडे दाखवायला तसलं काही नव्हतं. ती हिरवं लुगडं नेसून आली, डोक्यावरून पदर घेतलेला, केसांत अबोलीचा वळेसर. टेबलाच्या कडेला हात ठेवून उभी राहिली. मला लाज वाटत होती आणि अभिमानही वाटत होता.

सुरुवातीला तिचा आवाज पोहोचेना. मग ती नदीबद्दल सांगू लागली. "आपल्या राखोलीवरून जी दमणगंगा जाते ना, तीच तिकडे समुद्राला मिळते. एका काठाला मोटी दमण, दुसऱ्या काठाला नानी दमण. मधे होडी. आमचं घर मोटी दमणला, किल्ल्याच्या भिंतीजवळ. होडीवाला माझ्या आईला ओळखायचा. ती यायची असली की भरलेली होडीसुद्धा थांबवून ठेवायचा, कारण ती त्याच्या मुलांना लाडू द्यायची."

मुलं हसली. आईला धीर आला. दीपस्तंभाचा उजेड रात्री भिंतीवरून कसा फिरायचा ते तिने सांगितलं. आजी माणसांना निरोप द्यायला कधी दारात येत नसे, तेही सांगितलं. "मी सासरी निघाले की ती आत जाऊन भांडी घासायला लागायची. घासलेलीच भांडी परत घासायची. म्हणायची, जाताना दिसलीस तर गेलीस असं होईल."

किलवणीच्या मुलीने हात वर केला. "बाई, तुमची आई आता काय करत असल?"

आईने खिडकीतून उन्हाकडे पाहिलं. "आता?" ती म्हणाली. "आता चुलीवरून भात उतरला असेल. आप्पांना, माझ्या वडिलांना, पेज लागते, ती गाळत असेल. आणि आप्पांवर ओरडत असेल, मीठ जास्त घेतात म्हणून."

गुरुजींनी त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही. सुट्टीपर्यंत मुलं आईला विचारत राहिली, आई सांगत राहिली. घरी येताना ती मला म्हणाली, "किती दिवसांनी तिच्याबद्दल एवढं बोलले."

पावसाळ्यात आमचा मुलूख भारतात सामील झाला. शाळेत झेंडा लागला, साखर वाटली. गुरुजींनी आमच्याकडून नकाशातली एक रेघ खोडून घेतली. दमणची रेघ तशीच राहिली.

ती रेघ डिसेंबरात पुसली गेली. एका पहाटे पश्चिमेकडून गडगडल्यासारखा आवाज यायला लागला. थंडीत कसला पाऊस, म्हणून लोक अंगणात आले. दुकानातल्या रेडिओभोवती गर्दी झाली. आई मात्र घरात बसून होती, माझ्या तीन वर्षांच्या भावाला मांडीवर घट्ट धरून. "किल्ल्यावर टाकत असतील का तोफा?" तिने बाबांना दोनदा विचारलं. "आमचं घर किल्ल्याला लागूनच आहे हो."

दुसऱ्या दिवशी दमण सुटल्याची बातमी आली. गुरुजी वर्गात आले ते पेढे घेऊनच. फळ्यावर त्यांनी खडूने नकाशा काढला आणि त्यातली रेघ खोडायला मला बोलावलं. मी खोडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि गुरुजींनी डोळे पुसलेले मी पाहिले.

लगेच जाता आलं नाही. कागदपत्रं, परवानगी, बाबांची रजा यांत महिना गेला. त्या महिन्यातली आई मला वेगळीच आठवते. ती गात असे. तिने आजीसाठी लुगडं घेतलं, तांबड्या काठांचं, आणि ते रोज उघडून परत घडी घालत असे. तिळाचे लाडू केले. भावाला शिकवलं, "आजीला काय म्हणायचं? पाया पडतो म्हणायचं." भाऊ इकडे बंद वाटेच्या काळात जन्मलेला, आजीने त्याला पाहिलेलं नव्हतं. आई त्याला सगळ्यांत आधी आजीच्या हातात देणार होती.

संक्रांतीनंतर आम्ही निघालो. वापीपर्यंत बस, पुढे टांगा. नानी दमणच्या काठावर होडी होती. होडीवाला नवा होता, त्याने आईला ओळखलं नाही. पलीकडे उतरल्यावर आई इतकी भरभर चालायला लागली की बाबा भावाला कडेवर घेऊन मागे राहिले, आणि मी मधेच धावत होते.

घर जागेवर होतं. दार उघडं होतं. आईने उंबऱ्यातूनच हाक मारली, "आई."

आतून आजोबा आले. खूप वाकले होते. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत आईकडे. "आलीस गो बाय," ते म्हणाले आणि भिंतीला धरून खाली बसले.

"आप्पा, आई कुठे आहे?"

आई त्यांना ओलांडून स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे. चूल थंड होती. पाट एकच मांडलेला होता. एक ताट, एक भांडं. आई तिथेच उभी राहिली. बाहेरून आजोबांचा आवाज आला, "निरोप धाडला होता मी. एक माणूस बोटीने गोव्याला जाणार होता, तिथून मुंबईला. तो म्हणाला, पोहोचवतो." मग थोड्या वेळाने, "तुला कळलं नाही?"

"कधी?" आईने विचारलं. तिचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता.

"तीन वर्षं झाली. श्रावणात. नागपंचमीच्या आदल्या दिवशी."

आईने माझ्या भावाकडे पाहिलं. तो बाबांच्या कडेवर झोपला होता. त्याचं बारसं त्याच वर्षी, नागपंचमीच्या आदल्या दिवशीच झालं होतं. मला ते आठवत होतं, कारण पाऊस असूनही घर बायकांनी भरलं होतं आणि आईने सगळ्यांना सांगितलं होतं की माझ्या आईला कळेल तेव्हा ती होडीवाल्यापासून सगळ्यांना लाडू वाटेल.

आई परसात विहिरीवर गेली आणि नेसत्या लुगड्यानिशी तिने डोक्यावरून पाणी घेतलं. एकामागून एक कळश्या. उशिरा कळलेल्या मरणाचं स्नान असं करायचं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं ती थांबणारच नाही. शेवटी बाबांनी जाऊन तिच्या हातातली कळशी घेतली. ती म्हणाली, "अहो, मी चार दिवाळ्या केल्या. फुलं माळली, गोडधोड केलं. मुलांच्या वर्गात जाऊन सांगितलं, ती पेज गाळत असेल म्हणून."

बाबांनी आपलं उपरणं तिच्या खांद्यावर टाकलं.

आम्ही चार दिवस राहून परतलो. लुगडं आईने परत आणलं नाही, ते आजीच्या पेटीत ठेवलं.

शाळेत गेले त्या दिवशी गुरुजींनी मोठ्या उत्साहाने मला उभं केलं. दमण मोकळं झाल्यावर तिथे जाऊन आलेली वर्गातली मी पहिलीच. "सांग," ते म्हणाले. "काय काय पाहिलंस?"

मी किल्ला सांगितला. दीपस्तंभ सांगितला. होडी सांगितली. मग किलवणीच्या मुलीने विचारलं, "आजी भेटली?" मी नाही म्हणून मान हलवली. गुरुजींनी मला बसायला सांगितलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. किलवणीची मुलगी आपल्या जागेवरून उठून माझ्या बाकावर येऊन बसली. तास संपेपर्यंत ती तिथेच होती आणि तिला कुणी हटकलं नाही.

संध्याकाळी गुरुजी घरी आले. आईने चहा केला. त्यांनी कप हातात धरून ठेवला. "मी तुम्हाला वर्गात बोलवायला नको होतं," ते म्हणाले.

"तसं नका म्हणू," आई म्हणाली. "त्या दिवशी ती होती हो माझ्यासाठी. पोरांनी तिला विचारलं, मी सांगितलं. तेवढी एक सकाळ तरी होती."

फाल्गुनात आजोबा आमच्याकडे राहायला आले. यायला तयारच नव्हते, बाबा दोनदा गेले तेव्हा कुठे आले. ते दिवसभर ओसरीवर बसत. आईने कित्येक दिवस त्यांना आजीबद्दल काही विचारलं नाही. मग एका दुपारी तांदूळ निवडता निवडता तिने विचारलं, "आप्पा, शेवटी तिने माझं काही काढलं होतं का?"

"शेवटी तिला माणसं कळत नव्हती, बाय. शेजारची मुलगी यायची पाणी भरायला. तिलाच तुझ्या नावाने हाक मारायची. सारखी."

आईचे हात सुपात थांबले. "ती ओ द्यायची का?"

"द्यायची. पहिल्यांदा लाजली. मग द्यायला लागली. जवळ बसायची, हात धरून."

"बरं झालं," आई म्हणाली. मग परत तांदूळ निवडायला लागली, पण तिला खडे दिसत नव्हते, हे मला दिसत होतं. मी सूप माझ्याकडे ओढून घेतलं.

मे महिन्यात आई पुन्हा दमणला गेली, घर आवरायला. या वेळी मी एकटीच तिच्याबरोबर होते. शेजारची मुलगी एव्हाना मोठी झाली होती, लग्न ठरलं होतं. आईने तिला खण आणि नारळ देऊन ओटी भरली. कशासाठी ते सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. निघताना ती मुलगी आम्हाला होडीपर्यंत सोडायला आली. होडी मधोमध जाईपर्यंत ती काठावर उभी होती, आणि आई तिच्याकडे पाहत होती.