डिकीतलं जग

घाटातल्या वळणावर काकांचा एक हात स्टेअरिंगवरून सुटायचा, बोट टॅक्सीच्या छताकडे जायचं आणि काका म्हणायचे, "डायवर हायत रं ती सगळी. मालक वर बसलाय." ती सगळी म्हणजे जगातले राजे, पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष. मागच्या सीटवरची पाहुणेमंडळी मात्र काकांचा दुसरा हात कुठे आहे, तेवढंच बघत बसायची.

महाबळेश्वरात टॅक्सी स्टँडसमोर माझं चणे-चिक्कीचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी माणसं बघतो. तुम्हालाही ही खोड असणारच. काका ख्रिस्ती. भेटेल त्याला सलाम करायचे, म्हणून सगळे त्यांना सलामकाकाच म्हणत.

स्टँडवर टॅक्सी नंबराने सुटते. आपला नंबर येईपर्यंत बाकीचे गप्पा छाटायचे, काका डिकी उघडायचे. झाकणाला आतून शाळेतला जगाचा नकाशा चिकटवलेला होता आणि त्यावर माझ्याच दुकानातलं स्ट्रॉबेरीचं लोहचुंबक. स्ट्रॉबेरी ज्या देशावर, त्या देशासाठी त्या दिवशीची प्रार्थना. दुसऱ्या दिवशी शेजारचा देश. युरोपात तिच्याखाली चार-चार देश झाकले जायचे. "बसू द्या दाटीवाटीनं," काका म्हणायचे, "शेअर टॅक्सी हाय."

"आज कुणाचा नंबर, काका?" हा स्टँडचा रोजचा प्रश्न. एकदा उत्तर आलं, "डेन्मार्क." स्टँडचे अध्यक्ष आण्णा, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला गडी. ते मिशीतल्या मिशीत हसले.

"तिथं काय बिघडलंय? लय सुखी मानसं हायत म्हणं ती."

"म्हणून तर! दुखण्यात मानूस आपसूक देवाचं नाव घेतो. सुखात आठवण करून द्यावी लागती."

दुकानातल्या टीव्हीवर कुठल्याही देशाचं सरकार पडलं की काका चणे खात शांतपणे सांगायचे, "डायवर बदलला. गाडी तीच, मालक तोच." मी एकदा खोचकपणे विचारलं, "मग एवढी भांडणं चालल्यात, तर मालक ब्रेक का लावत नाही?" मला वाटलं, आता काका सापडले.

"ते मी बी त्याला रोज इचारतो," काका म्हणाले आणि आणखी चणे मागितले.

मग आखातात लढाई पेटली. काकांची एकुलती एक मुलगी तिथल्या एका दवाखान्यात नर्स होती. टीव्हीवर तिच्या शहरावरचं आभाळ लाल दिसत होतं आणि सकाळपासून तिचा फोन लागत नव्हता. सगळा स्टँड माझ्या दुकानापुढे गोळा झाला. काका नेहमीसारखे डिकी उघडायला गेले, पण किल्ली भोकात जाईना. हात कापत होता.

शेवटी डिकी उघडली, तर स्ट्रॉबेरी ब्राझीलवर होती. आखात अजून फार लांब.

"काका, उचला ती आनि ठेवा पोरीच्या देशावर," आण्णा म्हणाले.

"नंबर तोडायचा न्हाई, आण्णा. ब्राझीलनं काय घोडं मारलंय?"

आण्णा तापले. मग काय सुचलं कुणास ठाऊक, एकदम अध्यक्षांच्या आवाजात म्हणाले, "दवाखान्याचं काम निघालं तर आपल्यात एकमेकाला नंबर देत्यात का न्हाई?"

"देत्यात की."

"पोरगी दवाखान्यातच हाय. माझा नंबर घ्या."

"माझा बी घ्या, काका," मागून कोणीतरी म्हणालं. मग आणखी एक जण म्हणाला, मग सगळेच. काका हसले आणि हसता हसता रडले. स्ट्रॉबेरी उचलून त्यांनी आखातात ठेवली आणि डिकीत डोकं घालून बराच वेळ उभे राहिले. आम्हीही टोप्या काढून उभे होतो.

डोकं बाहेर काढून काकांनी विचारलं, "अजून एक नंबर हाय का कुनाकडं?"

"आता कुनासाठी?"

"बाँब टाकनाऱ्या देशासाठी."

"त्या नालायकांसाठी?" आण्णा ओरडलेच.

"तिथं बी डायवरच बसलाय, आण्णा. डायवर चुकला तर मालकालाच सांगायचं न्हवं?"

आण्णांनी जमिनीकडे बघत दोन-चार फौजी शिव्या पुटपुटल्या. मग म्हणाले, "आजचा दिलाय. माझा उद्याचा घ्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती सुखरूप होती, आणि काकांनी शुगरची गोळी घेतली नाही म्हणून त्यांनाच रागावत होती. नंतर मी विचारलं, "काका, एवढा भरवसा, मग हात का कापत होता?"

"भरवसा देवावर हाय रं. पर मी बाप हाय की."

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. मुलगी आली, आम्ही सगळ्यांनी माती दिली. सकाळी दुकान उघडलं की कानाला अजून त्यांच्या सलामाची सवय आहे. टॅक्सी विकली गेली, पण आण्णांनी मुलीकडून नकाशा आणि स्ट्रॉबेरी मागून घेतली. आता नकाशा स्टँडच्या शेडमध्ये, पत्र्यावर आहे.

परवा सकाळी मी दुकान उघडत होतो. आण्णा, कपाळाला गंध लावलेले, शेडमध्ये गेले. स्ट्रॉबेरी बोटभर सरकवली आणि हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले.

"आज कुणाचा नंबर, आण्णा?" मी हाक मारली.

"डेन्मार्क," डोळे न उघडता ते म्हणाले. "बरं चाललंय तिथं. पर नंबर चुकवायचा न्हाई."