दोनशे बारा कुत्र्यांची मालकीण

माळावरचा एकविसावा कोल्हा टेबलावर आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवायच्या आधीच निदान सांगितलं. डोळ्यांच्या कडांना वाळलेला चिकटा, नाक चोंदलेलं, पंजे कडक झालेले.

"डिस्टेंपर, कुत्र्यांचा साथीचा आजार. कचरा डेपोवरच्या कुत्र्यांकडून आलाय."

शवविच्छेदनाच्या खोलीत पंचवीस वर्षं सुऱ्या आणि ट्रे सांभाळणारे मामा नुसतं "हं" म्हणाले. आजारानं वेडावलेला हा कोल्हा भरदुपारी झोकांड्या खात शाळेच्या फाटकाशी गेला होता. लोकांनी पिसाळलाय म्हणून त्याला दगडांनी ठेचलं. हेच निदान आधीच्या वीस जणांच्या अहवालांत लिहून बाईंचा हात दुखायला आला होता, पण वाचणारा कुणी असेल तर शपथ.

प्राण्यांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या त्या सरकारी प्रयोगशाळेत बाईंची सतरा वर्षं गेली होती. माळावर आता जेमतेम चाळीस कोल्हे उरले होते आणि तीन महिन्यांत त्यांची पिल्लं बिळाबाहेर येणार होती. डेपोवरच्या कुत्र्यांना लस टोचली की साथ थांबली असती. लस सरकारी फ्रीजमध्ये पडून होती. काम इतकं सोपं होतं, आणि तिथंच घोडं अडलं.

वनखात्याचे साहेब म्हणाले, "कुत्रा काय वन्यप्राणी आहे? पशुखात्याकडे जा."

पशुखात्याचे साहेब म्हणाले, "भटकं कुत्रं पाळीव नाही. फॉर्मवर मालकाचं नाव असेल तरच लस सुटते. आणि कोल्हा तर आमचा नाहीच."

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना! पाच आठवडे बाईंनी दोन्ही दारं झिजवली. नगरपालिकेनं तर कमालच केली. कुत्री पकडून लांब नेऊन सोडतो म्हणाले, म्हणजे आजाराला फिरायला गाडीही मिळाली असती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पशुखात्यातून कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठाच उचलून घरी आल्या.

डेपोवर फिरून टिपलेली कुत्र्यांची यादी समोर ठेवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या लिहायला बसल्या. रंग तांबडा, डावा कान फाटका, मालकाचे नाव : स्वतःचं. दुसरं कुत्रं काळं, शेपूट अर्धी, मालक तेच. गणिताचे मास्तर असलेले त्यांचे यजमान चष्मा पुसत शेजारी बसले आणि अर्धा गठ्ठा त्यांनी आपल्याकडे ओढला.

"लग्नाच्या वेळी कुणी बोललं नव्हतं," ते म्हणाले, "की मला दोनशे बारा सावत्र लेकरं आहेत म्हणून."

"आता कळलं ना? लिहा मग. हा पांढरा, एका डोळ्यानं आंधळा."

फॉर्म बिनचूक होते, त्यामुळे लस सुटली. बाई आणि मामांनी जाळं घेऊन नऊ दिवसांत दोनशे बारा कुत्री टोचली. दुसरा डोस तीन आठवड्यांनी द्यायचा होता, त्याशिवाय पहिल्याचा भरवसा नव्हता. तो जवळ आला आणि बाईंना बोलावणं आलं.

कोल्हे मरत होते तेव्हा ज्या दोन साहेबांना एकमेकांचा फोन नंबर सापडत नव्हता, ते दोघे एका टेबलाशी मांडीला मांडी लावून बसले होते. समोर चहा होता. बाईंना कुणी बसा म्हटलं नाही.

"ही कुत्री तुमची नाहीत, असं लिहून द्या," पशुसाहेब म्हणाले. "चूक झाली म्हणा, प्रकरण मिटवतो. दुसऱ्या डोसचं विसरा."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर चौकशी लागेल. शिवाय उद्या त्यातलं एखादं कुणाला चावलं, तर जबाबदार कोण?"

"मी," बाई म्हणाल्या. "पण एक सांगा. माझी नाहीत, तर तुमच्या दोघांपैकी कुणाची?"

बाईंनी कागद ओढला, 'सर्व कुत्री माझीच आहेत' असं लिहून खाली सही ठोकली आणि दार आपटून निघाल्या.

निलंबनाचा हुकूम दोन दिवसांत आला. नोकरी थांबली, पण दोन्ही डोसांची लस मालकाच्या नावावर आधीच सुटलेली होती आणि मालकीण जागेवर होती. मामांनी रजा टाकली. दुसरा डोस नऊ दिवसांत पुरा झाला. त्यानंतर माळावर फक्त तीन कोल्हे मेले, मग एकही नाही. वर्षअखेरीच्या अहवालात छापून आलं की दोन्ही खात्यांच्या उत्तम समन्वयामुळे साथ आटोक्यात आली. त्याच अहवालात पुढे, परवानगीशिवाय कुत्री पाळणाऱ्या एका कर्मचाऱ्याची चौकशी चालू असल्याचंही होतं. लाज नावाची चीज कुठं विकत मिळत असती, तर बाईंनी दोघांनाही पोत्यानं पाठवली असती.

परवा पशुसाहेबांचाच फोन आला. आवाज चढलेला.

"बाई, तुमची तांबडी कुत्री आमच्या फाटकात ठाण मांडून बसलीय. येऊन घेऊन जा!"

"येते," बाई म्हणाल्या. "तिला सहा पिल्लं झालीत. सहा फॉर्म काढून ठेवा."