बातमीचे गाव विचारणारे हनीफभाई

हनीफभाई फोनवर नमस्कार करत नसत. आमच्या दैनिकात विज्ञान, तंत्रज्ञान आणि मनोरंजनाचे साप्ताहिक पान प्रसिद्ध झाले की त्या दिवशी सकाळी बुलढाण्याच्या कार्यालयात त्यांचा फोन येई. मी 'हॅलो' म्हणण्याआधीच पलीकडून एक शब्द ऐकू येई, "गाव?" मग ते मथळा वाचून दाखवत. "लिंबाएवढ्या यंत्रावर घरभर वीज, असं छापलं तुमी. कोणत्या गावात हाय हे लिंबू, भाऊ?"

त्या पानाचे काम माझ्याकडे होते. मी कंपनीचे नाव सांगे, देश सांगे. त्यांचे समाधान होत नसे. "देश नका सांगू. देश लय मोठा असते. गाव सांगा, घर सांगा. मी जातो ना पाहाले."

हा प्रश्न त्यांना आमच्याच कार्यालयाने शिकवला होता. हनीफभाई धामणगाव बढ्याचे केबलवाले, आणि जोडीला आमचे वार्ताहर. विहिरीत बिबट्या पडल्याची त्यांची पहिली बातमी उपसंपादकाने परत पाठवली होती, कारण विहीर कोणत्या गावातली ते लिहायचे राहून गेले होते. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक बातमीचा पहिला शब्द गावाचे नाव असे. आम्हालाच हा नियम लागू नाही, हे त्यांना कधी पटले नाही. "बिबट्याले गाव लागते अन् रोबोले लागत नाही, असं काऊन?" असे ते विचारत.

त्यांचे घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होते. गच्चीवर डिश, पुढच्या खोलीत यंत्रे आणि एक माइक. त्या माइकवरून ते गावाच्या लोकल चॅनलवर सूचना देत. बकरी हरवली, शाळेत पालकांची सभा आहे, उद्या लसीकरण आहे, अशा सूचना कोणी सांगितल्या तशा वाचल्या जात. मयतीची सूचना मात्र ते ऐकीव कधीच देत नसत. निरोप कोणाचाही असो, आधी स्वतः त्या घरी जात, पाहत, घरातल्या मोठ्या माणसाला वेळ विचारत आणि परत येऊन माइक हातात घेत. जनाजा असो की अंत्ययात्रा, पद्धत एकच. एकदा एका म्हाताऱ्याच्या पुतण्याने मलकापुरातून फोन करून काका गेल्याचे सांगितले. हनीफभाई घरी गेले, तर काका ओट्यावर चहा पीत बसले होते. "तुमच्या पुतण्याले सांगा, थोडं थांब म्हना," एवढे बोलून ते परतले.

मनोरंजनाच्या बातम्यांवरही त्यांची मते ठाम होती. वेबसिरीजचा त्यांना विशेष राग. "पाह्यलं तुमचं थे. शेवटी हिरोले गोळी लागते, अन् मेला का वाचला थे पुढच्या वर्षी सांगतो म्हनते. असं मी मयतीत केलं तं लोकं माही डिश फोडतीन." दूध संपल्याचे सांगणाऱ्या फ्रिजबद्दल ते म्हणाले होते, "दूध सरलं हे सांगाले मशीन पायजे? घरात पोट्टे नाहीत का रडाले?" चालकाशिवाय चालणाऱ्या मोटारीची परीक्षा मलकापूर रस्त्यावर घ्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. "म्हैस आडवी आली का कळन. म्हशीले थोडंच माहीत हाय का गाडीत कोणी नाही." संगणकाने तयार केलेल्या वृत्तनिवेदिकेची बातमी आम्ही छापली, तेव्हा त्यांनी तिची चित्रफीत मोबाईलवर तीन-चारदा पाहिली होती. "डोये मिचकावते, हासते. पन अपघाताची बातमी वाचतानी आवंढा नाही गिळत."

त्यांचे अंदाज चुकतही. आणि चुकत ते चांगलेच चुकत. कपाशीवर ड्रोनने फवारणी होते, ही बातमी त्यांनी थापा म्हणून सोडून दिली होती. पुढच्याच हंगामात शेजारच्या शिवारात ड्रोन आला. ते मोटारसायकलने बांधावर गेले, तो उतरेपर्यंत उभे राहिले आणि तिथूनच मला फोन केला, "हाय बाप्पा. हाय. लिहून टाका." मोबाईलवर सिनेमा पाहायला लोकांचे डोळे टिकणार नाहीत, हे त्यांचे जुने भाकीत. ते सांगत असतानाच गावातली केबल जोडणी घरोघर कमी होत होती. शेवटी शेवटी बरेच लोक केवळ लोकल चॅनलसाठी केबल ठेवत, म्हणजे हनीफभाईंच्या आवाजासाठी.

तो आवाज बसायला लागला तेव्हा त्यांनी आधी थंडीवर ढकलले, मग धुळीवर. विडी त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडली होती, तरी घरात तिचेच नाव निघे. बोलणे अगदी खरखरीत झाले, तेव्हा एका संध्याकाळी मुलगा इरफान याने माइक घेतला. गावातल्या एका शिक्षकांच्या आईची मयत होती. हनीफभाई नेहमीप्रमाणे घरी जाऊन आले होते, वेळ विचारून आले होते. इरफानने शब्द न् शब्द बरोबर वाचला. तरीही दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेला मोजकेच लोक आले. बाकीच्यांनी सूचना ऐकली होती, पण आवाज हनीफभाईंचा नव्हता, म्हणून खात्री करून मग जाऊ असे ठरवले होते. काही जण केबलच्या खोलीवर विचारायला आले, तोवर अंत्ययात्रा निघून गेली होती. हनीफभाई त्या शिक्षकांकडे पुन्हा गेले. काय बोलले ते त्यांनी कधी सांगितले नाही.

पुढच्याच आठवड्यात इरफान त्यांना अकोल्याला घेऊन गेला. स्वरयंत्राचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. आजार इतरत्र पसरलेला नाही, पण गळ्यात बराच पुढे गेला आहे. स्वरयंत्र पूर्ण काढावे लागेल. गळ्याला कायमचे छिद्र राहील, श्वास तिथून घ्यावा लागेल, आणि आताचा आवाज परत येणार नाही. ऑपरेशन केले नाही तर आजार वाढत जाईल. विचार करा, पण लांबवू नका.

ही बातमी गावात पसरली तसे त्यांच्या मोबाईलवर उपचार येऊ लागले. कुठल्याशा किरणांनी बिनकापाकापी गाठ विरघळते. अमुक पाल्याच्या रसावर परदेशात संशोधन झाले आहे. इरफानला एक चित्रफीत फार पटली होती. एका मोठ्या शहरातल्या केंद्रात यंत्राखाली बसवतात, आवाज जसाच्या तसा राहतो, असे त्यात सांगितले होते. त्याने तिथे जायची तयारीही केली. मी त्या दिवशी त्यांच्या घरी होतो. बापलेकांचे बोलणे माझ्यासमोर झाले.

"अब्बा, पाहा तं खरं. डाक्टर सोता सांगून राह्यला."

"डाक्टर काय सांगते थे नाही पाहाचं. बरा झाला थो कुठी राह्यते?"

"व्हिडिओत हाय ना थो मानूस."

"व्हिडिओत बसून राह्यला का थो? घरी नाही जात?" हनीफभाईंनी फोन हातात घेतला आणि केंद्राच्या क्रमांकावर लावला. पलीकडच्या बाईंना त्यांनी बऱ्या झालेल्या एका रुग्णाच्या गावाचे नाव विचारले. ते खाजगी असते, असे उत्तर आले. मग त्यांनी तालुका विचारला. बाईंनी आणखी एक चित्रफीत पाठवली. हनीफभाईंनी फोन इरफानच्या हातात दिला. "ठेवून दे बे. सिनेमा हाय."

त्यानंतर त्यांनी अकोल्याच्या डॉक्टरांनाही तोच प्रश्न केला. डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "एका माणसाला पाहून काही सिद्ध होत नाही, हनीफभाई. तो बरा झाला म्हणून तुम्ही व्हालच असं नाही."

"सिद्ध तुमी करा साहेब. मले फक्त पाहाचं हाय, का मानूस याच्यानंतर जगते कसा."

डॉक्टरांनी एका जुन्या रुग्णाला फोन केला, त्याची परवानगी घेतली आणि गाव सांगितले. सोनाळा.

आम्ही तिघे इरफानच्या गाडीने गेलो. मोताळा, नांदुरा करत सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचलो. देवराव नावाचे ते शेतकरी संत्र्याच्या बागेत वाट पाहत उभे होते. गळ्याला पांढरा रुमाल. त्यांनी रुमालाखाली बोट दाबले आणि बोलले, "या." आवाज जाड, एका पट्टीतला, पाण्याखालून आल्यासारखा होता. शब्द मात्र कळत होते. इरफान खाली पाहू लागला. हनीफभाईंनी खाट ओढली आणि देवरावांच्या अगदी समोर बसले.

त्यांनी एका तासात जे विचारले, ते चांगल्या वार्ताहराने विचारावे तसे होते. जेवण गिळता येते का? येते, सावकाश. आंघोळ? डोक्यावर तांब्या घेताना छिद्र झाकावे लागते. नदीत उतरता येत नाही. चहा फुंकता येत नाही, बशीत ओतून निववावा लागतो. लांबच्या गड्याला हाक? "टाळी वाजोतो." हसता येते का, या प्रश्नावर देवराव खरोखरच हसले. खांदे हलले, तोंड उघडले, आवाज आला नाही.

"सगळ्यात वाईट काय?" हनीफभाईंनी विचारले.

देवरावांनी बागेकडे हात केला. झाडे फुलली होती, वास दाटून राहिला होता. त्यांनी रुमालाखाली बोट नेले. "बायको सांगते बहार आला म्हून. मले वास येत नाही. श्वासच नाकातून नाही ना."

परतताना नांदुऱ्याला चहासाठी थांबलो. हनीफभाईंनी कप उचलला, वाफ नाकाशी धरली, बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग म्हणाले, "इरफान, करू."

ऑपरेशनची तारीख पुढे होती. तोवर एक काम ते रोज करत राहिले. मयत झालेल्या प्रत्येक घरी ते इरफानला बरोबर नेत, स्वतः मागे उभे राहत आणि प्रश्न त्याला विचारायला लावत. कोणती वेळ, कोणता रस्ता, बाहेरगावचे कोणी यायचे आहे का. लोकांनी त्याला विचारताना पाहावे, एवढाच हेतू. अकोल्याला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी माइक घेतला. जो आवाज उरला होता, त्यात ते बोलले, "उद्यापासून इरफान बोलन. थो घरी येऊन पाहीन, मंगच बोलन. त्याचं ऐकजा." नेहमीचा सिनेमा त्यानंतर लागला.

ऑपरेशन नीट झाले. काही महिन्यांनी गळ्यात बोलण्यासाठी झडप बसवली आणि छिद्रावर बोट ठेवून ते बोलायला शिकले. त्याच काळात इरफानने एक शोध लावला. जुन्या सूचनांच्या टेप घरात होत्या. त्यांवरून मोबाईलमधले एक ॲप त्यांचा पूर्वीचा आवाज तयार करत होते. टाईप केले की मोबाईल हनीफभाईंच्या आवाजात बोले. इरफानने अंगणात ते लावून पाहिले. "जुबेदा, पानी दे," असा आवाज आला आणि जुबेदाभाभी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आल्या. नवरा खाटेवर तोंड मिटून बसलेला पाहून त्या दारातच थांबल्या.

हनीफभाईंनी ते ॲप काढून टाकायला लावले. मी नंतर कारण विचारले. ही एक अशी बातमी होती, जिचे गाव सांगता येत होते आणि घरही. त्यांनी गळ्यावर बोट ठेवले. "चांगलं हाय थे. एकदम बरोबर आवाज काढते. म्हूनच नको. गावात लोकं त्या आवाजावर मयतीले निघतात. थो आवाज डब्यात ठेवला तं उद्या कोनीबी काढीन, अन् जित्या मानसाले मेला म्हनीन." मधे थांबून त्यांनी श्वास घेतला. "इरफानचा आवाज ऐकाले लागले आता लोक."

आता अकोल्याचे डॉक्टर आपल्या रुग्णांना धामणगाव बढ्याचेही नाव सांगतात. गेल्या हिवाळ्यात मी गेलो होतो, तेव्हा डोणगावहून एक जोडपे आले होते. नवरा भुसाराचा व्यापारी, धिप्पाड, सतत बोलणारा. आवाज बसलेला होता, तरी थांबत नव्हता. किरणांचे केंद्र, पाल्याचा रस, परदेशातले संशोधन, सगळे त्याला माहीत होते. हनीफभाई ऐकत होते. त्याचे बोलणे संपल्यावर बाईंनी एकच विचारले.

"भाऊ, आपरेशन केलं तं हे बरे होतीन का?"

"मले नाही माहीत, बाई," हनीफभाई म्हणाले. "मी बरा झालो. मी एकटा हाय. एकट्यावरून काही ठरत नाही."

"मंग आमी एवढ्या लांबून काऊन आलो?" व्यापारी उसळला.

हनीफभाईंनी खुर्ची उचलून खिडकीपाशी उजेडात ठेवली. बसले, गळ्याचा रुमाल सोडला आणि मांडीवर घडी करून ठेवला. श्वास आत जाताना आणि बाहेर येताना छिद्राशी हलकासा आवाज होत होता. बाई जवळ गेल्या आणि वाकून पाहू लागल्या. व्यापाऱ्याने मान फिरवून भिंतीकडे पाहिले. हनीफभाईंनी घाई केली नाही. बऱ्याच वेळाने व्यापारी उठला आणि बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला.